सॉफ्टवेअर कंपनीला उतारा किती?

निवृत्त झाल्यावर माणूस रिकामा होतो, असा एक गैरसमज आहे. संगमनेरसारख्या गावात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस निवृत्त झाला की गल्लीतल्या सगळ्या वायरी त्याच्याकडे येतात. मी तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात हा विषय शिकवला. त्यामुळे कुणाचा इन्व्हर्टर बसला की मी, टीव्हीवर रेघा आल्या की मी, आणि समोरच्या इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली तरी आधी मला फोन, मग लिफ्टवाल्याला. मी टेस्टर घेऊन जातो, गंभीर चेहरा करतो, "सप्लाय तर येतोय" असं सांगतो आणि चहा पिऊन घरी येतो. दुरुस्ती मला येत नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण चहा चांगला मिळतो.

गेली काही वर्षं आमच्या गावाला शेअर बाजाराची हवा लागली आहे. पूर्वी दूध घालायला आलेला माणूस फॅट किती लागलं ते विचारायचा. आता एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात हिरव्या-लाल काड्या. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना गिऱ्हाईक वस्तऱ्याखालून सांगतं, "आज बाजार पडणार बरं का." लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्याने जिलबी नको म्हणून सांगितलं आणि त्याच दमात मला सेमीकंडक्टर घ्यायला सांगितलं. सेमीकंडक्टर म्हणजे काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ते तुम्हाला माहीत असायला पाहिजे सर, मला फक्त वर जाणार एवढं माहीत आहे."

या हवेत माझे साडू आले. साडू कोपरगावच्या बाजूला राहतात, ऊस करतात. माणूस सरळ, बोलायला मोकळा, आणि माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना इतका आदर की तो मलाही कधी वाटला नाही. रस्त्यात त्यांची थोडी जमीन गेली होती. तिच्या मोबदल्याचे पैसे घरात, भावकीत आणि ट्रॅक्टरमध्ये वाटून झाल्यावर एक वाटा त्यांनी मुलीच्या नावाने बाजूला ठेवला होता. मुलगी म्हणजे माझ्या मेहुणीची लेक. आमच्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली, माझ्याच वर्गात, आणि मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी पास झाली. दोन वर्षं घरी होती. बंगळूरला सहा महिन्यांचा चिप डिझाइनचा एक कोर्स करायचा, असं तिनं मनात घेतलं होतं. महिनाअखेर फी भरली तर जागा पक्की, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी काय, तर घरात स्थळं बघायला सुरुवात होणार होती, हे तिलाही ठाऊक होतं.

साडूंनी मात्र दुसरा बेत केला होता. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर एका कंपनीचं नाव मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. कंपनीचं नाव मी इथे देत नाही, ती बिचारी आमच्या घरात येण्याइतकी दोषी नव्हती.

"सर, पोरगी म्हनली ही कंपनी ह्याच लाईनीतली हाय," साडू म्हणाले. "मी म्हनलं, सहा महिने बंगळूरला पैसं घालून परत नोकरी हुडकायचीच, त्यापरीस कंपनीचंच सभासद हुऊ. सभासदाच्या लेकराला आदी घेत्यात."

मी चष्मा काढला. "असं कुठं लिहिलंय?"

"लिवलेलं नस्तंय सर. पर अस्तंय."

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या आयुष्यात शेअर म्हणजे साखर कारखान्याचा शेअर. वडिलांनी घेतला, मग कारखान्यात थोरल्या भावाला टाइमकीपर म्हणून घेतलं, दिवाळीला सवलतीची साखर आली, उसाला तोड वेळेवर मिळाली. शेअर घेतला की घर कारखान्याचं आणि कारखाना घरचा होतो, हा त्यांचा अनुभव होता. तो चुकीचा नव्हता. फक्त ज्या कंपनीला ते तो लावत होते तिला ऊस माहीत नव्हता.

"कंपनी काय बनवती?" साडूंनी विचारलं.

मी वर्गातला आवाज लावला. म्हटलं, कंपनी वस्तू बनवत नाही. मोबाईलमध्ये, गाडीत, पंपाच्या स्टार्टरमध्ये जी चिप असते, ती बनवायच्या आधी तिचा नकाशा काढावा लागतो. तो ज्या सॉफ्टवेअरवर काढतात ते ही कंपनी तयार करते. शिवाय चिप प्रत्यक्ष बनवण्याआधी ती चालेल का, हे सॉफ्टवेअर तपासून सांगतं.

साडूंनी क्षणभर विचार केला. "म्हंजी बोअर घ्यायच्या आदी पानी दाखवनारा पानाड्या आनतो तसं."

"जवळपास तसंच."

"मंग ह्याचं खरं निघतंय का?"

हा प्रश्न मी तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मी खोकलो आणि म्हणालो की बरंचसं निघतं. त्यांनी पुढचे प्रश्न भराभर टाकले. चेअरमन कोण, त्याचं घराणं कुठलं, हंगाम किती महिन्यांचा, उतारा किती. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघते तो उतारा, आणि आमच्याकडे कारखान्याची लायकी त्या एका आकड्यावर ठरते. सॉफ्टवेअर कंपनीला उतारा नसतो असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. उतारा सांगत नाही म्हणजे कंपनी काहीतरी लपवते, असा त्यांचा समज झाला.

"आनि आपुन कार्यक्षेत्रात येतो का? कोपरगाव बसतंय का त्येंच्या हद्दीत?"

"या कंपनीचं कार्यक्षेत्र सगळं जग आहे," मी म्हणालो.

"मंग बसतंय," ते म्हणाले आणि समाधानाने चहा प्यायले.

जाताना त्यांनी मला कामाला लावलं. "सर, तुमी अभ्यास करा. लेखी द्या. तुमी व्हय म्हनला तर शेअर, न्हाई म्हनला तर बंगळूर. आमच्यात तुमच्याइतकं कोन शिकलंय?" मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. खरं तर मला तिथेच सांगता आलं असतं की बाबा रे, लिस्टेड कंपनीचा शेअर घेऊन मुलीला नोकरी मिळत नसते, पोरीला बंगळूरला पाठव. एका वाक्याचं काम होतं. पण एका वाक्याला अहवाल म्हणत नाहीत, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे बिघडलेली वस्तू न घेता आलं होतं.

मी कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "सर, पीएच.डी. का?" अहवालाच्या मुखपृष्ठावर पिवळं हेल्मेट घातलेली एक तरुणी आकाशाकडे बघत होती. सॉफ्टवेअर कंपनीत डोक्यावर काय पडतं ते मला अजून कळलेलं नाही. आत अध्यक्षांचं पत्र होतं. त्यात कंपनी कुठेच गेलेली नसताना पानापानावर प्रवास होता. नफा कमी झाला होता त्या वर्षाला त्यांनी पायाभरणीचं वर्ष म्हटलं होतं, आणि नफा वाढला होता त्या वर्षाला नेतृत्वाच्या दूरदृष्टीचं. मी लाल पेनने खुणा करत गेलो, सवयीने दोन ठिकाणी स्पेलिंगही सुधारली.

आकडे मला कळत नव्हते म्हणून मी माझ्या एका मित्राला गाठलं. आम्ही सकाळी प्रवरेच्या कडेने फिरायला जातो. ते बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या फोनमध्ये शेअरची तीन ॲप आहेत. तिन्हींत ते वेगवेगळ्या बाजूंनी असतात, म्हणजे कुठलं तरी एक बरोबर येतं. त्यांनी मला अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं. "शेअर वाढेल असं कधी लिहायचं नाही. वाढीला वाव आहे असं लिहायचं. पडेल असं तर मुळीच नाही, नजीकच्या काळात दबाव संभवतो असं लिहायचं. आणि शेवटी सावध आशावाद ठेवायचा. मग वर गेला तर तुमचा आशावाद, खाली गेला तर तुमची सावधगिरी."

मला हे इतकं पटलं की माझं मलाच नवल वाटलं. परीक्षेत उत्तर न येणारा विद्यार्थी हेच तर करतो.

पंधरा दिवस मी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहिला. बायको ताटं मांडायला आली की मी "बाजाराचा विचार चाललाय" म्हणायचो. कंपनी आपलं सॉफ्टवेअर विकत नाही, दर वर्षी भाड्याने देते, हे मी तीन पानांत मांडलं. या धंद्यात परदेशातल्या दोन-तीन बड्या कंपन्यांचंच राज्य आहे आणि आपली कंपनी त्यांच्या पंगतीत कोपऱ्यात बसलेली आहे, हे चार पानांत. विक्रीचा मोठा भाग मोजक्या गिऱ्हाइकांकडून येतो, तस्मात जोखीम आहे, तथापि ती गिऱ्हाइकं मोठी आहेत, तस्मात जोखीम नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कंपनीला मोठा लाभ होईल, अथवा कंपनीची गरजच उरणार नाही, या दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत. एकोणीस पानं झाली. निष्कर्ष असा की गुंतवणूकदाराने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावा. साडूंनी विवेक म्हणून मलाच नेमलं होतं, याचा मला सोयीस्कर विसर पडला.

अहवाल टाइप करायला साडूंनी मुलीला आमच्याकडे पाठवलं. तिच्याच बंगळूरवर ज्याने निकाल द्यायचा, त्याचीच टायपिंगची कामं तिनं करायची, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ती दोन दिवस आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. निमूट टाइप करायची, मध्येच थांबायची.

"काका, इथे तुम्ही लिहिलंय की गिऱ्हाइकं कंपनीला सहसा सोडत नाहीत. का सोडत नाहीत ते नाही लिहिलं."

"ते वाचकाने समजून घ्यायचं," मी म्हणालो. खरं तर मी ते वार्षिक अहवालातून उचललं होतं.

ती थोडी घुटमळली आणि मग बोलायला लागली. इंजिनिअर एकदा एका सॉफ्टवेअरवर शिकला की त्याचा हात त्यावर बसतो. कंपनीचे दहा वर्षांचे सगळे नकाशे त्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. चिप बनवणारा कारखानाही अमुक सॉफ्टवेअरने तपासून आणा असं सांगतो. मग भाडं वाढलं तरी लोक कुरकुर करतात आणि भरतात. "म्हणून तर ह्या कंपन्या कॉलेजांना जवळजवळ फुकटात देतात, काका. पोरांचा हात बसावा म्हणून. ही कंपनी पुढे चालेल की नाही ते बघायचं असेल तर तिच्या सॉफ्टवेअरवर किती पोरं शिकतायत ते बघायला पाहिजे. नफ्याच्या आधी तेच दिसतं."

एकोणीस पानांत जे नव्हतं ते तिनं चहा गार व्हायच्या आत सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, हे घाल. तिनं घातलं. एवढा एक परिच्छेद वाचला की अख्ख्या अहवालात कुणीतरी विचार केला आहे असं वाटायचं. त्याखाली नाव अर्थात माझंच राहिलं.

"तुला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"पुण्याला मुलाखत होती ना, मागच्या वर्षी. लेखी परीक्षेत मी पहिल्या पाचांत होते. मग त्यांनी एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सॉफ्टवेअर उघडलेलं होतं. म्हणाले, एक छोटं सर्किट काढा आणि चालवून दाखवा." ती की-बोर्डकडे बघत बोलत होती. "मला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मी ती खिडकी फक्त जर्नलमध्ये काढलेली बघितली होती. पाच मिनिटं बसले आणि उठले. घरी येऊन मग सगळं वाचून काढलं."

तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं. आणि मला जे आठवलं ते मी आता लिहितो, कारण त्या दिवशी मी ते बोललो नाही.

आमच्या कॉलेजात ते सॉफ्टवेअर होतं. तपासणी समिती येणार म्हणून आणलेलं. बारा कॉम्प्युटरची वातानुकूलित खोली, बाहेर पितळी पाटी, आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. समिती आली की मी खोली उघडायचो, कॉम्प्युटरवरची प्लॅस्टिकची आवरणं काढायचो, पडद्यावर रंगीत खिडकी आलेली दाखवायचो. समिती मान डोलवायची, काजू खायची आणि जायची. मग आवरणं परत. पोरं बिघडवतील, असं मी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. ती खिडकी उघडल्यावर पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. आम्ही शिकलो तेव्हा असलं काही नव्हतं, नंतर शिकायला हवं होतं, आणि पोरांसमोर अडलो तर काय, या भीतीनं मी ते शिकलो नाही. पण अभ्यासक्रमात प्रयोग होते, म्हणून जर्नल हवं होतं. पोरं आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायची. संगणकाने काढायच्या आकृत्या आमच्या कॉलेजात पट्टी-पेन्सिलीने काढल्या जात होत्या. मी त्यावर सह्या करायचो. वर्षानुवर्षं, गठ्ठेच्या गठ्ठे.

आणि तिची ती पाच मिनिटं माझ्या त्या ड्रॉवरमध्ये होती. मला लाज वाटली. पण लाज वाटल्यावर माणूस ताबडतोब सुधारतो असं नाही. मी उठून गॅलरीत गेलो, कुंडीतली वाळलेली पानं तोडली आणि आत येऊन तिला म्हणालो, "निष्कर्षात सावध आशावाद राहू दे."

ठरल्या दिवशी मी तळेगाव दिघेमार्गे एसटीनं कोपरगावला गेलो. साडूंच्या घरी पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. साडू, त्यांचे थोरले बंधू, माझी मेहुणी आणि मुलगी, एवढेच. थोरले बंधू एके काळी सोसायटीचे संचालक होते. त्या एका टर्मनंतर त्यांनी आयुष्यात साधं बोलणं सोडलं होतं. ते मधल्या खुर्चीवर बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मागची सभा झालेलीच नाही," मी म्हणालो.

"मंग ती तहकूब धरा. पुढचा इशय."

मी वाचायला लागलो. आता आमच्याकडे वार्षिक सभेची एक रीत आहे. वाचणारा वाचतो, आणि तो श्वास घ्यायला थांबला की सभेतून आवाज येतो, "मंजूर!" काय मंजूर ते ऐकायचं नसतं. ऐकत बसलं तर जेवणाला उशीर होतो. मी पहिलं पान संपवलं आणि दोघा भावांनी एका सुरात "मंजूर!" म्हटलं. भाड्याच्या उत्पन्नावर मंजूर, परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेवर मंजूर. शेअरचा भाव आधीच फार चढलेला आहे, इथे गुंतवणूक जोखमीची ठरू शकते, यावर तर थोरल्यांनी मांडीवर थाप मारून मंजूर म्हटलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा परिच्छेद आला. मी तो सावकाश वाचला. तोही मंजूर झाला. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"एकूनात व्हयच हाय ना सर?" साडूंनी मोबाईल काढत विचारलं. "आताच टाकतो. थोरल्याच्या पोरानं खातं उघडून दिलंय."

मी मान हलवली असती तर काम झालं असतं. साडूंनी शेअर घेतले असते, कंपनीच्या नोकरीची वाट बघत पोरीचं वर्ष गेलं असतं आणि मग स्थळं. शेअर कदाचित वाढलाही असता. मी दारातल्या मुलीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, निकाल लागल्यासारखी. मग माझ्या तोंडून जे निघालं ते अहवालात नव्हतं, पण सूर तोच लागला, कारण इतका वेळ वाचून तोंडाला तेच वळण पडलं होतं.

"आणखी एक विषय आहे. कॉलेजात हे सॉफ्टवेअर होतं. खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी ते पोरांना कधी उघडून दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. प्रयोग न करता लिहिलेल्या जर्नलांवर मी सह्या केल्या. हिच्याही. पुण्याच्या मुलाखतीत हिला आलं नाही ते हिच्यामुळे नाही, माझ्यामुळे."

मी श्वास घेतला.

"मंजूर!" थोरले म्हणाले.

साडूंनी मोबाईल खाली ठेवला. थोरल्यांनी इकडेतिकडे बघितलं, काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मेहुणी आत निघून गेली. साडूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मी पोरीलाच म्हनत हुतो सर," ते म्हणाले. "दोन वर्सं. घरात सर असून तू शिकली न्हाईस म्हनून."

मग ते मुलीकडे वळले. त्या सबंध व्यवहारात तिच्या शिकण्याबद्दल त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. "त्या बंगळूरला तरी ते उघडून देत्यात का?"

"रोज देतात. आठ तास."

"मंग तितं भर."

एवढंच. तिनं लगेच फोन काढला. साडूंनी नंतर त्या कंपनीचे पाच शेअर घेतले. सभासद तर व्हायचंच होतं त्यांना, सभेला बसायला. माझा अहवाल त्यांनी नीट घडी करून मला परत दिला. पंचवीस वर्षांत त्या घरातून मी जेवल्याशिवाय कधी निघालो नव्हतो. त्या दिवशी मी चपला घातल्या तेव्हा जेवून जा असं कुणी म्हणालं नाही.

मुलीनं मला स्कुटीवरून फाट्यावर सोडलं. एसटीला वेळ होता. मी आपला उसाच्या ट्रॅक्टरांकडे बघत उभा राहिलो. तिचे आभार मानावेत की माफी मागावी ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी तिला बंगळूरच्या हवेबद्दल विचारलं. तिनं स्कुटी स्टँडला लावली.

"सर," ती म्हणाली. घरात ती मला कधी सर म्हणत नाही. "सातव्या प्रयोगाची आकृती मी मुद्दाम चुकीची काढली होती. सगळी उलटी. असा आउटपुट येऊच शकत नाही, कुणालाही दिसेल अशी."

मला ती आठवत नव्हती. मला कुठलीच आठवत नव्हती.

"त्यावर तुम्ही 'उत्तम' लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तुम्ही बोलवाल, रागवाल. मग मी म्हणणार होते की सर, एकदा खोली उघडा ना. आठवडाभर पहिल्या बाकावर बसले होते मी."

एसटी आली तेव्हा माझा हात वर झाला नाही, तिनंच ती थांबवली.